करोनाच्या नावाखाली चिंचेवर कुऱ्हाड नको

हिमायतनगरात (जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात) माझं कृषी सेवा केंद्र आहे. फवारणीची औषधं विकून घर चालवणारा माणूस वटवाघळांची वकिली करतो, याचं गिऱ्हाइकांना हसू येतं. पण करोना येऊन गेला तरी एक खूळ गेलेलं नाही: चिंचेवर वटवाघळं लटकतात, तर चिंच तोडा, नाहीतर खाली सुतळी बॉम्ब लावा.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२०मध्ये फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या घशातले नमुने तपासले. केरळ, तमिळनाडू, पुदुच्चेरी आणि हिमाचलातल्या २५ वटवाघळांत करोना गटातले विषाणू निघाले. आपल्याला लागून असलेल्या तेलंगणातल्या नमुन्यांत काही निघालं नाही. निघाले तेही कोविडचे नव्हेत, आणि त्यांनी माणूस आजारी पडल्याचा पुरावा नाही. कोविडच्या विषाणूचा अगदी जवळचा भाऊबंद लाओसमधल्या किडेखाऊ वटवाघळांत सापडला, जवळपास ९७ टक्के सारखा. उरलेले तीन टक्के किरकोळ वाटतात. पण एवढा फरक पडायला काही दशकं जावी लागतात.

धोका नाहीच, असं मी म्हणत नाही. २००२-०३च्या सार्सचं मूळ वटवाघळांतच होतं, पण माणसापर्यंत तो पोचला बाजारात पिंजऱ्यात कोंबलेल्या उदमांजरांमार्फत. पिंजरे कोणी भरले होते?

हुसकावण्याचं काय होतं, हे युगांडात दिसलं. तिथल्या किटाका खाणीत कामगारांना मारबर्ग झाला. हा करोना नव्हे, वेगळाच आणि फार जहाल विषाणू. खाणीतली वटवाघळं मारून टाकली. काही वर्षांनी नवी येऊन वसली, तेव्हा त्यांच्यातलं संसर्गाचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं आणि २०१२मध्ये त्या भागात पुन्हा साथ आली. मारून रोग वाढला, हे आमच्या बॉम्बवाल्यांना कोण सांगणार!

इकडे रात्री कापसावर पाकोळ्या फिरतात त्या पतंग टिपायला. त्यातले थोडे जरी बोंडअळीचे असले तरी माझी बाटली कमी खपते, खपू दे. किनवटकडे मोहाच्या बिया रानभर पोचवणारी मोठी वटवाघळंच. आपल्या कायद्याने मात्र २०२२च्या दुरुस्तीपर्यंत फळं खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी ठरवलं होतं.

पोरांना एवढंच सांगा: उष्टं फळ खायचं नाही, पडलेलं वटवाघूळ हातात घ्यायचं नाही, त्यांच्या झाडाखाली जनावर बांधायचं नाही. एवढं पुरे. आणि चिंच तोडायचीच असेल तर करोनाचं नाव घेऊ नका. खालच्या जागेचे प्लॉट पडणार आहेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.