चौकटीची पट्टी आणि आईचा खोकला



पाऊस ओसरून दिवाळी जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते. आजोबा किंवा आजी दोन दिवस धापा टाकत असतात, ताप नसतो, कफ पांढरा असतो आणि सोबत आलेली सून सहज सांगून जाते, "घरी जरा काम काढलं होतं." हे 'जरा काम' म्हणजे नेमके काय, हे विचारण्याची सवय मला फार उशिरा लागली. ती कशी लागली, ते आज सांगतो.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने आयुष्यात विडी ओढली नाही, परंतु चाळीस वर्षे चुलीपुढे बसून स्वयंपाक केला. त्या धुराने तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, दिला. आमच्या कोकणातल्या घराच्या दारांच्या चौकटींभोवतीच्या लाकडी पट्ट्या वाळवीने पोखरल्या होत्या, जमिनीलगतची स्कर्टिंगही गेली होती. मिस्त्रीने सुचवले की फायबर सिमेंटच्या पट्ट्या लावू. वाळवी लागत नाही, पावसात कुजत नाहीत, रंगही धरतात. सल्ला उत्तम होता. मी भाव विचारला, रंग विचारला, किती दिवस लागतील तेही विचारले. त्या पट्ट्या कापणार कशाने, एवढेच विचारले नाही.

मिस्त्रीचा एकोणीस वर्षांचा पोरगा मार्बल कटर घेऊन पडवीत बसला. तोंडाला रुमाल बांधलेला. पंधरा मिनिटांत पडवीची पिठाची गिरणी झाली. आई माजघरात होती. तिला मी निळा सर्जिकल मास्क दिला होता आणि उकडू नये म्हणून पंखा पूर्ण वेगाने लावून दिला होता. माजघराच्या दाराला पडदा आहे, कवाड नाही. त्या रात्री तिला झोपता आले नाही. तीन दिवस नेब्युलायझर आणि पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या असे उपचार मीच केले. आजाराला निमंत्रणही मीच दिले होते.

ही पट्टी सिमेंट, वाळूची बारीक पूड किंवा राख आणि कागदाच्या लगद्यासारखे तंतू यांची बनते. नुसती उभी असते तेव्हा ती निरुपद्रवी असते. कापताना मात्र तिच्यातील वाळू, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, इतकी सूक्ष्म होते की नाकातील केसांना आणि घशातील ओलाव्याला चुकवून थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचते. डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसते. घात करणारी धूळ दिसत नाही आणि कित्येक तास हवेत तरंगत राहते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने २०१६ साली हवेतील अशा सिलिकेची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम ठरवली. एका ग्रॅमचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग, एवढे हे प्रमाण आहे.

भीती घालण्याचा माझा हेतू नाही. घरात एक दिवस धूळ झाली म्हणून कोणाला सिलिकोसिस होत नाही. तो आजार सहसा वर्षानुवर्षांच्या धुळीने होतो. घरातल्या वृद्धाला धोका आहे तो वेगळा: दमा किंवा सीओपीडी उसळणे, आणि त्यातून रुग्णालयात जावे लागणे. सिलिकोसिसचा खरा धनी तो एकोणीस वर्षांचा पोरगा. तो आज तुमच्याकडे, उद्या शेजारी, परवा तिसऱ्या गावी हेच काम करणार असतो. हा आजार एकदा जडला की बरा होत नाही आणि त्यासोबत क्षयाचा धोकाही वाढतो. आपल्या कायद्याने कारखान्यांतील अशा रुग्णांची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक केले आहे. पण पडवीत बसून पट्ट्या कापणारा पोरगा कोणत्याच कारखान्यात मोडत नाही. (धूळ झाली की कामगारांना गूळ वाटण्याची पद्धत अजूनही आहे. गुळाने घशाला बरे वाटते. तो अन्ननलिकेतून पोटात जातो, फुप्फुसात नाही. तेव्हा तेथील धूळ तो कशी काढणार?)

या वर्षी मागच्या खोलीच्या चौकटी करायच्या होत्या. या वेळी मी त्याच मिस्त्रीला आधी दवाखान्यात बोलावले आणि आम्ही तासभर अवजारांविषयीच बोललो. पुढचे सारे त्यातून शिकलेले आहे. आपण घरमालक असाल तर काम ठरवतानाच हे विचारा.

सर्वांत उत्तम अवजार म्हणजे घरी न आणलेले अवजार. दारा-खिडक्यांची मापे आधी घेऊन पट्ट्या दुकानातून किंवा मिस्त्रीच्या कार्यशाळेतून कापून आणता येतात. घरी मग चार-दोन टोकेच छाटायची राहतात. आमच्याकडे नव्वद टक्के काम असेच झाले.

राहिलेल्या कापणीसाठी पट्टीची जाडी पाहावी. सहा-आठ मिलिमीटरची पातळ फळी असेल तर मशीनची गरजच नसते. कार्बाइडच्या टोकाच्या चाकूने पट्टी धरून दोन-तीनदा खोल रेघ ओढायची आणि काठावर ठेवून मोडायची. धूळ जवळजवळ होत नाही. कड थोडी खरबरीत येते, ती भिंतीच्या बाजूला किंवा सांध्यात लपवावी. याच जाडीसाठी विजेवर चालणारी कातरही मिळते; ती फळी कातरते, दळत नाही. ती मिस्त्रीकडे क्वचितच असते. ज्याला वर्षभर हेच काम करायचे आहे, त्याने मात्र ती घेण्यासारखी आहे.

चौकटीभोवतीच्या पट्ट्या अठरा ते पंचवीस मिलिमीटर जाड असल्या की चाकू आणि कातर दोन्ही हरतात. तेथे गोल पात्याची करवत, म्हणजे सर्क्युलर सॉ, लागते. ग्राइंडर किंवा मार्बल कटर नको, हे माझे ठाम मत झाले आहे. त्यांच्या हिऱ्याच्या अखंड कडेच्या चकत्या फळीला कापत नाहीत, घासून तिचे पीठ करतात, आणि ते पीठ गोळा करायला त्यांना बहुधा आवरणही नसते. करवतीला पाते लावायचे ते फायबर सिमेंटसाठीच बनवलेले असावे: पॉलिक्रिस्टलाइन हिऱ्याचे, चार ते आठच दातांचे. इतके कमी दात पाहून सुतार हसतो. लाकडासाठी चाळीस-साठ दातांचे पाते सफाईदार असते, हे खरे. पण सिमेंटवर ते लवकर बोथट होते आणि जितके दात अधिक तितकी धूळ बारीक. कमी दातांचे पाते मोठे कण उडवते. ते महाग असते, पण सिमेंटवर साध्या पात्यापेक्षा कितीतरी अधिक टिकते. आमच्या मिस्त्रीला ते मी घेऊन दिले. नेब्युलायझरच्या औषधांचा आणि माझ्या तीन जागरणांचा हिशेब केला तर ते स्वस्तच पडले.

करवतीला धूळ बाहेर टाकण्याचे तोंड असते. त्याला नळी आणि नळीला व्हॅक्यूम क्लीनर जोडला नाही तर त्या तोंडाचा उपयोग शून्य. हा व्हॅक्यूम घरातला सोफा साफ करण्याचा नसावा. त्याच्या कापडी पिशवीतून बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत येते. हेपा गाळणी असलेला, कामाच्या जागेसाठी बनवलेला हवा. करवतीचे तोंड आणि नळी यांची मापे जुळत नाहीत, ही नेहमीची अडचण. जोडाचा छोटा रबरी तुकडा आधीच घेऊन ठेवावा, नाहीतर मिस्त्री "आजच्या दिवस चालू द्या" म्हणतो. वर सांगितलेल्या अमेरिकी नियमात हातातील करवतीने फायबर सिमेंट कापण्याची मुभा अशा धूळ-संकलनासह आहे, आणि तीही फक्त उघड्यावर. आपल्यापैकी जे सहा महिने मुलाकडे अमेरिकेत जातात त्यांनी हे ध्यानात ठेवावे: तेथील लाकडी वाटणाऱ्या बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या पुष्कळदा याच सिमेंटच्या असतात आणि सुटीच्या दिवशी चिरंजीव स्वतःच गॅरेजमध्ये करवत चालवतात. गॅरेज म्हणजे उघडे नव्हे.

आपल्याकडे आणखी एक युक्ती चालते: एकाने कटर धरायचा आणि दुसऱ्याने बाटलीतून पाणी ओतायचे. पाण्याने धूळ कमी होते, पण विजेच्या मशीनवर असे पाणी ओतणे म्हणजे धक्क्याला आमंत्रण. मशीन पाण्याच्या जोडणीसाठीच बनवलेले असेल तरच ओली कापणी करावी. घरातील वीजजोडणीला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, हे कोणत्याही कामाआधी पाहावेच.

बाकीच्या सामानाचे थोडक्यात. भोकांसाठी कार्बाइडचे ड्रिल, कमी वेगाने. टोकाजवळ स्क्रू मारण्यापूर्वी भोक पाडावे, नाहीतर पट्टी तडकते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. कोकणात तर दुसरे नकोतच. कडा गुळगुळीत करायला सँडर लावू नये, त्याची धूळ कटरइतकीच वाईट; हातकानशीने दोन हात मारावेत आणि फटी रंग धरणाऱ्या सीलंटने भराव्यात.

मुखवट्याविषयी. कारागिराला एन-९५ द्यावा, तोही दोन्ही पट्टे डोक्यामागे नीट बांधून. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते. रुमाल आणि सर्जिकल मास्क येथे निरुपयोगी. मात्र सीओपीडी असलेल्या वृद्धाला एन-९५ लावून धुळीच्या घरात बसवू नये. त्यातून श्वास ओढायला त्यांना कष्ट पडतात. त्यांना त्या दिवशी घरातूनच हलवावे. आईला आम्ही दोन दिवस मावशीकडे पाठवले. ती तिसऱ्या दिवशी यायला तयार नव्हती, हा भाग निराळा.

रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल आणि हलवणे अशक्य असेल तर कापणी अंगणात, वारा घरापासून दूर जात असेल अशा बाजूला करावी. रुग्णाच्या खोलीचे दार लावून फटींवर ओले कापड ठेवावे, पंखा आणि एसी बंद ठेवावा. घरात ऑक्सिजन चालू असेल तर ठिणग्या उडवणारे कोणतेही मशीन त्या खोलीच्या जवळपास नकोच. कॉन्सन्ट्रेटर खोलीचीच हवा ओढतो, हेही विसरू नये. काम झाल्यावर त्याची गाळणी तपासावी. आणि काम संपले की झाडू हातात घेऊ नका. बसलेली धूळ केरसुणीने पुन्हा उठते. ओल्या फडक्याने पुसा, फडके बादलीत बुचकळा, पुन्हा पुसा.

निवृत्तीनंतर स्वतः करवत हाती घेणाऱ्या वाचकांना एक विनंती. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल, हाताला कंप असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मोजमाप तुम्ही करा, कापणी दुसऱ्याला द्या. पेसमेकर असेल तर चालू मशीन छातीपासून निदान वीतभर दूर राहील असे धरावे आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारावे. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा हवा. वाचायचा चष्मा चालत नाही. सिमेंट क्षारधर्मी असते. डोळ्यात गेले तर चोळू नका, गुलाबपाणी नको, दूध नको. नळाच्या संथ धारेखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा.

हे सारे नव्या फळ्यांविषयी झाले. पडवीवरचा किंवा गोठ्यावरचा जुना करडा, नागमोडी सिमेंटचा पत्रा ही वेगळी वस्तू आहे. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी. आपल्या देशात असे पत्रे आजही बनतात आणि विकले जातात. त्याचे तंतू फुप्फुसावरणाचा कर्करोग घडवतात, तोही काही दशकांनी. तो पत्रा कापू नका, त्याला भोक पाडू नका, फोडून उकिरड्यावर टाकू नका. नवी फळी घेतानाही वेष्टनावर 'ॲस्बेस्टॉसमुक्त' असे लिहिलेले आहे का, ते पाहा.

त्या पोराचा एक्स-रे मी काढून घेतला. स्वच्छ आहे. फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, दर वर्षी करायला ये, असे सांगितले आहे. या वर्षी तो एन-९५ लावून आला तेव्हा आई, मावशीकडे निघण्यापूर्वी, त्याला म्हणाली, "बाळा, गेल्या खेपेला तुझं तोंड दिसत होतं, या वेळी नाही दिसत." तो मास्क न काढताच हसला.

चौकटींना तेलरंग द्यायचा राहिला आहे. त्याच्या वासाने दम्याच्या रुग्णांना होणारा त्रास हा स्वतंत्र विषय आहे. त्याविषयी पुढील अंकात.