शब्द झाकला म्हणजे जातो का?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलात, तर तिसरी-चौथीतली मुले चित्रपटगीतावर नाचताना पुष्कळदा दिसतील. गाण्यात एखादा शब्द असा असतो की तो मोठ्यांच्या तोंडीही शोभत नाही. मग कोणीतरी सुचवते, ‘तेवढा शब्द काढा आणि तेथे ‘पीं’ वाजवा.’ दूरचित्रवाणीवरही हीच युक्ती चालते. मुलांच्या कार्यक्रमातील गाण्यांना अशी कात्री लावावी का? माझ्या मते तिचा उपयोग वाटतो त्याहून फार कमी आहे. कारण ऐकण्याचे काम एकटा कान करीत नाही, मेंदूही करतो.

रिचर्ड वॉरेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ‘स’ त्यांनी पूर्ण कापला व तेथे खोकल्याचा आवाज जोडला. २० जणांना ते वाक्य ऐकवले. १९ जण म्हणाले, काहीही गळलेले नाही! उरलेल्या एकाने भलताच वर्ण दाखवला. खोकल्याऐवजी नुसता सूर वाजवला तरी तेच होते. गोंगाटात बोलणे समजावे म्हणून मेंदू मागच्यापुढच्या शब्दांवरून उणीव भरून काढतो. बदलापूर लोकलच्या गर्दीत मित्राचे बोलणे कळते, त्यात या करामतीचा मोठा वाटा आहे.

आता वॉरेन यांनी एकच वर्ण झाकला होता, सबंध शब्द नव्हे, हे खरे. पण गाण्याला यमक असते, चाल असते, आणि ते आधी शंभरदा कानावर पडलेले असते. ज्याला शब्द ठाऊक आहे त्याच्या मनात तो उमटतोच. ज्याला ठाऊक नाही तो शेजाऱ्याला विचारतो. उल्हासनगरच्या एखाद्या वर्गात घरी सिंधी, मराठी, हिंदी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात. एकाला न कळलेला शब्द दुसरा मधल्या सुट्टीत अर्थासह सांगून मोकळा होतो. मग ‘पीं’ने रक्षण केले ते कोणाचे?

सरसकट बंदीचेही तसेच. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? रेडिओ सिलोन लावले! लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन हजार-दीड हजार किलोमीटरवर सहज उतरतात, त्यांना दिल्लीचा हुकूम कसा अडवणार? अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीनेच ‘विविध भारती’ सुरू केली.

म्हणून काहीही चालू द्यावे, असे मात्र नाही. जून २०१९ मध्ये केंद्र सरकारने दूरचित्रवाहिन्यांना सूचना दिली, की नृत्यस्पर्धांमध्ये लहान मुलांकडून वयाला न शोभणारे हावभाव करवून घेऊ नयेत. मला ही सूचना योग्य वाटते. तिने मुलांचे कान झाकायला सांगितले नाही, निवड करणाऱ्या मोठ्यांना जबाबदार धरले.

काही शिक्षक म्हणतात, ‘मुलांना कुठे अर्थ कळतो?’ पण अर्थ कळत नसेल तर ते गाणे त्यांच्या तोंडी घालायचेच कशाला? यंदा तालमीपूर्वी एक करून पाहा. चाल बाजूला ठेवून सगळे शब्द वर्गात मोठ्याने वाचा. आठवी-नववीच्या मुलांनी ते पाचवीच्या मुलांना समजावून सांगावेत. सांगताना जीभ अडखळली, तर शब्द कापत बसू नका. दुसरे गाणे घ्या.