आठवणींच्या बोटीत चढताना

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समधील ब्लॅकवॉटर नदीच्या मुखाशी ‘रॉस रिव्हेंज’ नावाचे एक जुने, तांबडे जहाज नांगरलेले आहे. १९६० साली मासेमारीसाठी बांधलेले हे जहाज १९८३ पासून ‘रेडिओ कॅरोलाइन’चे घर झाले. १९९१ मध्ये ते वादळात वाळूवर रुतले, तरीही चाहत्यांनी ते जपले. आज जवळच्या वेस्ट मर्सीहून लहान बोटीने जाऊन ते पाहता येते.

त्याचे एवढे अप्रूप का? १९६४ साली बीबीसीवर तबकड्या वाजवण्याच्या तासांना मर्यादा होती. तेव्हा रोनन ओ’राहिली या आयरिश तरुणाने निराळ्या जहाजावरून, देशाच्या सागरी हद्दीबाहेर राहून, दिवसभर गाणी ऐकवायला आरंभ केला. परवाना नव्हता, म्हणून हा ‘पायरेट’ रेडिओ. १९६७ च्या कायद्याने त्याची कोंडी केली. पण तेव्हाची मुले ते सूर विसरली नाहीत. ती मुले आता सत्तरीपलीकडे आहेत. आपल्याकडेही १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली, तेव्हा रेडिओ सिलोनकडे काटा वळवणाऱ्यांना ही ओढ समजावून सांगायला नको.

अशा सहलीची इच्छा घरात व्यक्त झाली, की ‘या वयात हे काय खूळ?’ असे उत्तर येते. वैद्यक निराळे सांगते. दहा ते तीस या वयातील आठवणी मनात सर्वांत खोल रुजतात. विस्मरण जडलेल्या व्यक्तीही पुष्कळदा जुन्या गाण्याला प्रतिसाद देतात. तेव्हा त्या इच्छेला नकार देण्याऐवजी तिची तयारी करावी.

तयारी कशाची? पहिली, तोलाची. हलणाऱ्या बोटीत चढता-उतरताना पडण्याचा धोका मोठा, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे महिनोन् महिन्यांचे परावलंबन. न घसरणारी पादत्राणे हवीत, दोन्ही हात मोकळे हवेत, लाइफ जॅकेट हवे. जिना चढणे झेपत नसेल तर बोटीतूनच जहाज पाहावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरी, औषधांची. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, बोलण्या-वागण्यात गोंधळ होतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडकू शकते, तर काचबिंदूच्या काही रुग्णांना त्या वर्ज्य असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. प्रवासात अडचण नको म्हणून लघवीची गोळी आपणच बंद करणे किंवा पाणी तोडणे, हेही घातक. वेळ बदलता येईल का, हे आधी विचारावे.

तिसरी तयारी सोबत जाणाऱ्यांची. ‘आठवतं का, सांगा पाहू,’ अशी परीक्षा घेऊ नये. गाणे लावावे आणि गप्प बसावे. डोळे भरून आले तर घाईने विषय बदलू नये. ते अश्रू आजाराचे लक्षण नव्हेत.

आणि प्रवास शक्यच नसेल तर? रेडिओ कॅरोलाइन आजही इंटरनेटवर ऐकता येतो. सिलोनच्या काळातली गाणीही मोबाइलवर सापडतात. आज संध्याकाळी घरातल्या ज्येष्ठांना एवढेच विचारा : ‘तुम्ही तेव्हा रेडिओवर काय ऐकत होता?’ उत्तर पूर्ण होईपर्यंत मात्र उठू नका.