आपला संताप कुणाच्या खात्यावर जमा होतो?

रात्री नऊला आमच्या घरी वृत्तवाहिनीवरची चर्चा सुरू होते. सूत्रसंचालक मुसलमानांच्या नावाने ओरडतो, अब्बा त्याच्यावर ओरडतात, पण तासभर चॅनल काही बदलत नाही. विचारलं तर म्हणतात, "आपल्याविषयी काय बोलतात, ते कळायला नको?"

अब्बांचं दुःख खरं आहे. पण या धंद्याचा हिशेबही समजून घेतला पाहिजे. अर्थतज्ज्ञ ज्यां-शार्ल रोशे आणि ज्यां तिरोल यांनी २००३ मध्ये 'दुहेरी बाजारपेठे'ची मांडणी केली. वाहिनीची गिऱ्हाइकं दोन: प्रेक्षक आणि जाहिरातदार. प्रेक्षकाला कार्यक्रम स्वस्तात किंवा फुकट मिळतो आणि त्याचं लक्ष जाहिरातदाराला विकलं जातं. प्रेक्षक वाढले की जाहिरातीचा दर वाढतो; जाहिराती अती झाल्या की प्रेक्षक उठून जातो. म्हणून एकाची मागणी दुसऱ्याला सोडून मोजता येत नाही.

मग प्रेक्षक मोजतात कसे? २०२० मध्ये 'बार्क'ची मीटरं सुमारे ४४ हजार घरांत होती. तेवढ्यावरून देशातल्या सुमारे २० कोटी टीव्ही-घरांचा अंदाज बांधला जाई. कोणतं चॅनल किती वेळ चालू होतं, हे मीटरला कळतं. ते आवडीने पाहिलं की चिडून, हे कळत नाही. तुमच्या घरी मीटर नसेलही. पण मोबाइलवर प्रत्येक क्लिक मोजली जाते. "बघा, काय बोलतोय हा!" म्हणून आपण पुढे पाठवलेली क्लिपसुद्धा त्या वाहिनीची मागणी वाढवते.

दुसरी बाजूही आपल्या हातात आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये, टीआरपी घोटाळ्याची चर्चा सुरू असतानाच, उद्योजक राजीव बजाज यांनी तीन वाहिन्यांना आपल्या जाहिराती बंद केल्याचं सांगितलं. साबण, बिस्किटं, मोटारसायकली आपणही विकत घेतो. त्या कंपन्यांना सभ्य भाषेत पत्र लिहिणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

आणि थोडं घरातही पाहू. मसलकांची भांडणं लावून व्ह्यूज कमावणारी आपलीही यूट्यूब चॅनलं आहेतच. त्यांचा हिशेब वेगळा नाही.

कोण काय बोललं, हे कळायला वर्तमानपत्रातली पाच मिनिटं पुरतात. उरलेला तास आणि वर्गणीचे चार पैसे, जे जाहिरातदाराच्या नव्हे तर वाचकाच्या जिवावर चालतात, त्यांना देऊ या.