कायमचे जाण्यापूर्वी

चरितार्थासाठी गाव सोडणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. कोकणातला चाकरमानी मुंबईस आला, तेव्हा पुढच्या आयुष्याचा आराखडा त्याच्यापाशी नव्हता. गाववाल्यांच्या खोलीत पथारी पसरावी, गिरणीत मिळेल ते काम धरावे आणि गणपतीला घरी जावे, एवढाच त्याचा बेत असे. त्यातूनच त्याचा संसार उभा राहिला. म्हणूनच परदेशात कायमचे स्थायिक होऊ पाहणाऱ्याला आजही सांगितले जाते, ‘फार विचार करू नकोस, पाण्यात पडलास की पोहता येईल.’

या सल्ल्यात तथ्य नाही असे नाही. प्रत्येक शंकेचे निरसन होईपर्यंत थांबणाऱ्याचे पाऊल उंबरठ्याबाहेर पडतच नाही. परक्या देशातील जीवन घरी बसून पूर्णपणे कळणेही शक्य नसते. परंतु चाकरमान्याच्या प्रवासात आणि या प्रवासात एक मूलभूत भेद आहे. मुंबईत जम बसला नाही, तर चाकरमान्याला गावी परतण्याचा मार्ग मोकळा होता. नागरिक म्हणून असलेले त्याचे हक्क दोन्हीकडे सारखेच होते. परदेशी स्थायिक होणाऱ्यासाठी मात्र परतीचा हा मार्ग हळूहळू अरुंद होत जातो.

आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार, स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. 2005 पासून अशा व्यक्तींसाठी ‘ओसीआय’ नावाची नोंदणी सुरू झाली. तिच्यामुळे भारतात ये-जा करणे व राहणे सोपे झाले. परंतु तिने मतदानाचा हक्क मिळत नाही आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही. शेतकऱ्याच्या मुलाने प्रवासखर्चासाठी जमीन विकली आणि पुढे परक्या देशाचे नागरिकत्व घेतले, तर हाती पैसा येऊनही त्याला पुन्हा शेत घेता येणार नाही.

शिक्षणाचीही तीच गोष्ट. येथील पदवी तेथे जशीच्या तशी चालेल, असे गृहीत धरता येत नाही. भारतात शिकलेल्या परिचारिकेला अमेरिकेत काम करायचे असेल, तर तेथील परवाना-परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. ही माहिती आधी मिळवली, तर तयारी येथेच करता येते. नाहीतर परक्या शहरात, परक्या भाषेत आणि संपत चाललेल्या पैशांत ती करावी लागते.

घाईची सर्वांत मोठी किंमत कुटुंब मोजते. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेने परत पाठवलेले 104 भारतीय लष्करी विमानाने अमृतसरला उतरले. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरच्यांनी एजंटांना लाखो रुपये दिले होते. कोणी जमीन विकली होती, कोणी कर्ज काढले होते. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटांना 1983 च्या उत्प्रवासन कायद्याने सरकारी नोंदणी बंधनकारक केली. अशी नोंदणी आहे की नाही, हे पाहण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. तरीही गोड शब्दांवर विश्वास ठेवून आयुष्याची पुंजी त्यांच्या हाती दिली जाते.

नियोजनाने साहस कमी होत नाही. उलट त्याला आधार मिळतो. पहिले सहा महिने काम मिळाले नाही, तर खर्च कशातून भागवायचा? आईवडिलांच्या आजारपणात त्यांच्याजवळ कोण असेल? मन रमले नाही, तर परत येण्यासाठी घर आणि पैसा शिल्लक असेल का? या प्रश्नांचा विचार घरातील सर्वांनी एकत्र बसून करावा. बाकीच्या अनेक गोष्टी तेथे गेल्यावरच कळतील. पण या तीन प्रश्नांची उत्तरे हाती नसताना घर-जमीन विकून निघू नये.