कासवाच्या पिल्लांना जोडी नको



पाळलेले कासवाचे पिल्लू एकटे राहिले तर झुरते, म्हणून त्याला जोडीदार आणून दोघांना एकाच पेटीत ठेवावे, ही समजूत मायेपोटी आलेली असली तरी ती एका पिल्लाच्या जिवावर बेतू शकते, आणि म्हसवडच नव्हे तर सगळ्या माणदेशातील कासवप्रेमी कुटुंबांनी ती सोडून देणे निकडीचे आहे.

या समजुतीची मुळे जुनी आहेत. पैलतीरावरून नुसत्या दृष्टीने पिलांना वाढवणारी कासवी ही मराठी संतसाहित्यात वात्सल्याची उपमा म्हणून वारंवार येते, देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून भाविक पुढे जातो, आणि त्यामुळे हा प्राणी मराठी मनाला घरचाच वाटतो. उपमेचे मोल तसेच ठेवूनही सांगितले पाहिजे की, जमिनीवरची कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते, पिल्ले स्वतःच माती उकरून वर येतात आणि पहिल्या दिवसापासून एकेकटी वाढतात.

पिल्ले भांडत नाहीत, उलट एकमेकांवर चढून झोपतात, असे सांगितले जाते. परंतु ही जवळीक नसून उबेच्या किंवा आडोशाच्या जागेवरचा ताबा असतो. जास्वंदीची पाने पुढे ठेवली की थोराड पिल्लू त्यांवर पुढचे पाय रोवून आडवे उभे राहते आणि दुसरे मान आत ओढून तेथेच थांबते. कधी शेपटीला किंवा पायाला चावा बसतो, पण बहुधा काहीच घडल्यासारखे दिसत नाही. या अबोल दडपणाने धाकट्याचे खाणे कमी होते, वाढ खुंटते, आणि एकाच्या नाकातून पाणी वाहू लागले तर श्वसनाचा आजार दोघांत पसरतो. तीन-चार पिल्लांत निदान हे दडपण विभागले तरी जाते, जोडीत मात्र ते सगळे एकाच्याच वाट्याला येते.

कोणती कासवे, हेही स्पष्ट हवे. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे. ते घरात असेल तर प्रश्न पेटीचा उरत नाही, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवणे हाच मार्ग आहे. आफ्रिकेतील सल्काटासारख्या परदेशी कासवांची 2024 च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते, आणि आज तळहातावर मावणारे हे पिल्लू पुढे 40 किलोंच्याही वर जाते, याचा विचार घेण्यापूर्वीच व्हावा. नको झालेले परदेशी कासव राजेवाडीच्या तलावात सोडणे हा तर त्या कासवावर आणि तलावातील देशी जीवांवर, दोघांवरही अन्याय ठरेल.

ज्यांच्याकडे जोडी आधीच आहे त्यांनी एक दिवसही न दवडता पेट्या वेगळ्या कराव्यात, प्रत्येकीत स्वतंत्र ऊब, आडोसा व उथळ पाणी ठेवावे, आणि माणच्या कोरड्या हवेत आडोशाखालची माती ओलसर राहील हे पाहावे. दोन पेट्यांमधला पडदा काचेचा नसावा, कारण पलीकडचे पिल्लू दिसत राहिले तर दडपण कायम राहते. स्वयंपाकघरातील काट्यावर दर आठवड्याला दोघांचे वजन करून वहीत लिहिले, तर धाकटे खरोखर सावरते आहे की नाही, हे तेथेच कळेल.

— एक वाचक, म्हसवड (ता. माण, जि. सातारा)