सुई-दोऱ्याची मजुरी आधी ठरवा

हत्यारे घडवणे आणि त्यांना धार लावणे हा शिकलगारांचा पिढीजात धंदा. राजवटी बदलल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्ये बनवण्याच्या कामात हात घातला. हात तेच राहिले, वस्तू बदलली. आज सतारमेकर गल्लीचे नाव देशभर आहे आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. हा इतिहास सातारा-सांगलीच्या शिलाई कारागिरांनी आज आठवावा, असे आम्हाला वाटते.

पूर्वी रमजानच्या पहिल्या आठवड्यातच टेलरच्या दुकानावर ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागे. आता ईदचे कपडेही तयार घेतले जातात आणि अनेक दुकानांत पँट आखूड करणे, चेन बदलणे, कंबर ढिली करणे एवढेच काम उरले आहे. मशीनच्या कामात आपला टेलर तिरुपूर-लुधियानाच्या कारखान्यांशी स्पर्धा करू शकत नाही. पण सुईचे काम आपल्या घराघरांत अजून शिल्लक आहे. साडीला फॉल लावणे, काज-बटन, हेम, तुरपाई ही कामे आपल्या आया-बहिणी हातानेच करतात. गोधडी शिवताना त्यांचा धावदोरा रेषेसारखा सरळ जातो. या कौशल्याला भाव मात्र नगावर मिळतो, तोही मालक सांगेल तो.

आमची सूचना साधी आहे. सुती जर्सीचा टॉप पूर्णपणे हाताने शिवून विकावा. जर्सी म्हटले की आपल्याकडे गाय आठवते, नाहीतर स्वेटर. इथे जर्सी म्हणजे टी-शर्टचे, बनियनचे विणलेले कापड. इचलकरंजी किंवा विट्याच्या मागावर उभे-आडवे धागे घालून कापड निघते. जर्सीत मात्र धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून ती ताणली जाते. टेलरच्या साध्या मशीनवर हेच कापड त्रास देते. दाबाखाली ते लांबते, शिवणीला लाटा येतात आणि डोक्यातून घालताना गळ्याची टीप तुटते. कारखान्यात त्यासाठी ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशीन असतात. हाताच्या टाक्याला यांपैकी काही लागत नाही. शिवाय जर्सीची कापलेली कड मागाच्या कापडासारखी उसवत जात नाही, फक्त गुंडाळली जाते. त्यामुळे हातशिलाईला हे कापड उलट सोयीचे आहे.

कृतीत चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. कापड कापण्याआधी धुऊन वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात टॉप आखूड होतो. जास्त ताण अंगाच्या रुंदीकडे येईल असे कापड ठेवून कापावे. सुई बारीक व गुळगुळीत असावी; खरबरीत टोकाने फासा तुटला की भोक वाढत जाते. दोरा मजबूत आणि दुहेरी घ्यावा, टाका ओढून घट्ट करू नये. थोडी शिवण झाली की ती बोटांनी हलकेच ताणावी, म्हणजे दोरा कापडाबरोबर सैल बसतो. खांदा आणि बाजू धावदोऱ्याने शिवून मध्येमध्ये एक बखिया टाका द्यावा. गळा व बाह्यांची टोके मच्छी टाक्याने शिवावीत. हा टाका तिरका, एकमेकांना छेद देत जातो, म्हणून कापड ताणले तरी तुटत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातील फ्लॉरेन्स गावाच्या परिसरात टी-शर्टचे मोठे कारखाने होते. 1994 च्या व्यापार करारानंतर शिलाईचे काम स्वस्त मजुरीच्या देशांत गेले आणि ते कारखाने एकामागून एक बंद पडले. 2000 साली नताली चॅनिन या बाई न्यूयॉर्कहून आपल्या या गावी परतल्या आणि जुन्या टी-शर्टचे सुती जर्सी कापड वापरून गोधड्या शिवणाऱ्या बायकांकडून दोनशे टी-शर्ट हाताने शिवून घेतले. त्यातूनच पुढे नावाजलेला व्यवसाय उभा राहिला. गाव तेच, कापड तेच, बायकाही त्याच परिसरातल्या. बदलले ते गिऱ्हाईक आणि बदलला तो भाव.

आता आपला हिशोब मांडू. सरावलेल्या हाताला साधा टॉप शिवायला सहा तास लागतात असे धरू. तासाला 70 रुपये मजुरी धरली तर 420 रुपये झाले. समजा, कापड 200, दोरा 20, कटिंग व इस्त्री 60. एकूण 700 रुपये. दुकानदाराचे 200 मिळवले की विक्रीची किंमत 900. यावर आमचे व्यापारी बांधव लगेच म्हणतील, “बाजारात अडीचशेला टी-शर्ट मिळतो, नऊशेला कोण घेणार?” त्यांचे म्हणणे बरोबर आहे. शनिवारच्या बाजारात हा टॉप कोणी घेणार नाही, तो तिथे न्यायचाही नाही. मिरजेची सतार कोणी खेळण्याच्या दुकानात ठेवत नाही. हाताचे काम ओळखून पैसे मोजणारे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत येते, महाबळेश्वर-पाचगणीला येते. तिथे पोहोचवणे हे व्यापाऱ्याचे काम आहे आणि त्याचे 200 रुपये त्याच कामाचे आहेत.

मात्र आम्हाला भीती वेगळीच वाटते. माल खपू लागला की फॉल-बटनाचीच रीत इथेही येईल. सहा तासांच्या कामाला नगावर शंभर-दीडशे रुपये टेकवले जातील आणि उरलेले मधल्या मधे जातील. तसे झाले तर चांगला हात असलेली बाई दोन महिन्यांत काम सोडेल, घाईचे मोठे टाके येतील आणि गिऱ्हाईक तुटेल. म्हणून मजुरी तासावर असावी, ती काम देण्याआधी कागदावर लिहावी आणि टॉप हाती आल्याबरोबर चुकती करावी. ‘विकल्यावर देतो’ ही भाषा नको. विक्रीची जोखीम व्यापाऱ्याची. ज्या बाईला किंमत ठरवता येत नाही, तिच्या माथी ती मारता येणार नाही.

साताऱ्याच्या खण आळीतील आणि सांगलीच्या कापडपेठेतील एखाद्या दुकानदाराने ईदची गर्दी ओसरल्यावर फक्त दहा टॉप करून पाहावेत. कटिंग आपल्या टेलरकडून घ्यावे, म्हणजे त्याच्याही हाताला काम मिळेल. प्रत्येक टॉपला एक चिठ्ठी लावावी आणि त्यावर शिलाईचे तास व दिलेली मजुरी लिहावी. दहांपैकी चार विकले गेले तरी बाजाराचा अंदाज येईल. बुडाले तर कापडासकट सात हजार रुपये बुडतील, त्यातले चार हजार दोनशे तरी आपल्याच मोहल्ल्यातील घरांत गेलेले असतील.